परमुलखातला फोन आणि त्याचे मोल



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला आणि आम्ही 'परदेशी गेल्यावर फोनचे पैसे कसे वाचवावेत' असे उत्तर दिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसली. त्यांचेही चुकले नाही. याच व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलणे होते, नभोमंडळावर होते, घटनेवर होते. त्या पंक्तीला हे फोनाचे बिल कुठे बसवायचे? परंतु आमचा जन्म कामगार चळवळीत गेला. शाळेत शिकलो थोडे, गेटसभेत शिकलो फार. पगारपत्रक ओळीओळीने वाचायला शिकताना एक गोष्ट ध्यानी आली, की कागदावर छापलेला आकडा आभाळातून पडलेला नसतो. तो कोणीतरी ठरवलेला असतो, आणि ठरवणाऱ्याला 'का?' असे विचारता येते. फोनच्या बिलाचीही गोष्ट तीच आहे. शिवाय आज या मांडवात बसलेल्यांपैकी कितीतरी घरांतले कोणी ना कोणी बाहेर आहे. कोणाचा मुलगा दुबईला वेल्डर आहे, कोणाची सून जर्मनीत आहे, कोणाचा भाऊ बोटीवर आहे, आणि कोणी स्वतःच सेवानिवृत्तीनंतर युरोपची बारा दिवसांची सहल करून येणार आहेत. तेव्हा विषय अगदीच परका नव्हे.

ज्यांनी पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथपुढे रांगा लावल्या आहेत त्यांना आठवत असेल की, रात्री अकरानंतर पाव दर लागे म्हणून माणसे जेवून-खाऊन, पोरांना निजवून बूथवर येत. आत बोलणाऱ्याचे डोळे भिंतीवरच्या मीटरच्या लाल आकड्यांवर असत. तिकडून आईचा आवाज येई आणि इकडे आकडा पळे. अरबस्तानातली माणसे तर पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवीत. गावाकडे सगळे घर टेपरेकॉर्डरभोवती बसून ती ऐके. १९९५ साली आपल्याकडे मोबाइल आला तेव्हा करणाऱ्यालाही पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही. येणारा फोन फुकट झाला तो १ मे २००३ पासून. मुंबईचा फोन घाट चढून लोणावळ्यास पोचला की परका होत असे, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. २०१६ साली जिओ कंपनीने देशातल्या देशात रोमिंगचे वेगळे पैसे घेणार नाही असे जाहीर केले, मग इतरांनाही ते सोडावे लागले, आणि तो शब्द आपल्या बोलण्यातून निघून गेला. परदेशाच्या बाबतीत मात्र तो शिल्लक आहे आणि चांगलाच खर्चिक आहे.

हे रोमिंग म्हणजे काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. समजा, आपल्या गावच्या वाण्याकडे आपले खाते आहे. आपण परगावी गेलो. तिथल्या वाण्याची आणि आपल्या वाण्याची ओळख आहे. आपण तिथे माल उचलला, त्याने तो आपल्या वाण्याच्या नावे मांडला, आणि आपल्या वाण्याने स्वतःचे कमिशन चढवून आपल्या खात्यावर. आपण परगावच्या वाण्याशी भाव केलेला नाही, कारण त्याच्याशी आपला व्यवहारच नाही. आपल्या वाण्याशीही केलेला नाही, कारण तो म्हणतो, भाव तिकडचा. फोनचे असेच होते. आपण विमानातून उतरून फोन सुरू केला की तिथला टॉवर आपल्या सिमवरून ओळखतो, हे गिऱ्हाईक भारतातल्या अमुक कंपनीचे. तो भारतात विचारणा करतो, याची पत आहे काय? उत्तर 'आहे' असे आले की सेवा सुरू. त्या दोन कंपन्यांमध्ये जो दर ठरतो तो घाऊक दर. तो गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. त्यावर चढवलेला किरकोळ दर तेवढा बिलावर येतो. गिऱ्हाईक परमुलखात, थकलेले, भाषा न कळणारे. ते त्या क्षणी चार दुकाने हिंडून भाव काढणार नाही, हे दोन्ही वाण्यांना पक्के ठाऊक असते.

आता येणाऱ्या फोनचे पैसे का पडतात, तेही पाहू. आपण पॅरिसला आहोत. शेजारचे काका इथून आपल्या नेहमीच्या नंबरावर फोन करतात. त्यांच्या लेखी आपण गावातच आहोत, म्हणून त्यांना गावचाच दर लागतो. भारतातून पॅरिसपर्यंतची पुढली वाट मात्र आपल्या खर्चाने तुडवली जाते. काका विचारतात, 'पाऊस आहे का हो तिकडे?' आणि त्या पावसाचे पैसे आपण भरतो. याहून मौजेची गोष्ट न उचललेल्या फोनाची आहे. आपण उचलला नाही आणि आपल्या फोनवर 'न उचलल्यास दुसरीकडे वळवा' अशी सोय चालू असेल, तर तो फोन भारतातून पॅरिसला जातो आणि पॅरिसहून पुन्हा भारतात वळतो. दोन्ही खेपांचे भाडे आपल्या माथी येऊ शकते, आणि आपण तर बोललेलोही नसतो! म्हणून निघण्यापूर्वी इथेच फोन वळवण्याच्या सगळ्या सोयी बंद कराव्यात. फोनच्या पाटीवर दोनदा हॅश, शून्य, शून्य, दोन आणि पुन्हा हॅश असे दाबून हिरवे बटण दाबले की त्या एकदम रद्द होतात. एवढे एक काम आज रात्री घरी जाऊन करून पाहा.

हा जो दर आहे, तो खर्चातून निघतो की मक्त्यातून? कंपन्या वर्षानुवर्षे सांगत आल्या की सीमा ओलांडणे महाग असते, यंत्रणा गुंतागुंतीची असते. या म्हणण्याला पहिला जबाब दिला तो कोणा श्रीमंत राष्ट्राने नव्हे, तर पूर्व आफ्रिकेने. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांत सेलटेल नावाच्या एकाच कंपनीची जाळी होती. २००६ च्या सप्टेंबरात तिने 'वन नेटवर्क' म्हणून योजना काढली. तिन्ही देशांत कुठेही जा, येणारा फोन फुकट, करायचा तर तिथल्या स्थानिक दराने, आणि रिचार्जचे कार्ड ज्या देशात असाल तिथले चालेल. मोंबासा बंदरातून माल भरून कंपालाकडे जाणारा ट्रकवाला सीमा ओलांडल्यावरही त्याच नंबरावर भेटू लागला. डोंगर तेच, अंतर तेच, टॉवरही तेच. परका वाणी आणि आपला वाणी एकच निघाल्यावर कमिशनावर कमिशन चढवायला जागा उरली नाही, इतकेच. पुढे २०१० मध्ये आपल्याकडल्या भारती एअरटेलने आफ्रिकेतला जो मोठा व्यवसाय विकत घेतला, त्यात ही जाळी आली.

युरोपात कंपन्या अनेक, म्हणून तिथे हे आपसुक घडले नाही; कायदा करावा लागला. लक्झेंबर्गच्या विवियन रेडिंग या तेव्हा युरोपीय आयोगात दूरसंचाराचे खाते पाहत होत्या. त्यांचा देश एवढासा की सकाळी घरून निघून फ्रान्समध्ये, बेल्जियममध्ये वा जर्मनीत कामाला जाणे तिथे नवलाचे नाही. अशा माणसाला सीमेवरचा भुर्दंड रोज दिसतो. २००७ च्या उन्हाळ्यात कायदा झाला. परदेशातून फोन केला तर मिनिटाला कर वगळून ४९ सेंटांहून जास्त घ्यायचे नाहीत, आणि घेतला तर २४ सेंटांहून जास्त नाहीत. दरवर्षी हा आकडा खाली आणला गेला. २०११ मध्ये ३५ आणि ११. २०१४ मध्ये १९ आणि ५. घाऊक दरालाही लगाम घातला, कारण नुसता किरकोळ दर बांधला तर लहान कंपन्या मधल्या मध्ये चेपल्या असत्या.

कंपन्या गप्प बसल्या नाहीत. व्होडाफोन आणि तिच्या जोडीला आणखी काही मोठ्या कंपन्या न्यायालयात गेल्या. असे भाव बांधण्याचा अधिकारच युरोपीय संघाला नाही, असा त्यांचा वाद होता. ८ जून २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने कायदा उचलून धरला. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून दुसरी एक सोय झाली, ती आम्हाला फार शहाणपणाची वाटते. गिऱ्हाइकाने वेगळी मर्यादा सांगितली नसेल तर परदेशातला इंटरनेटचा खर्च ५० युरोंना टेकला की जोडणी तोडायची. माणूस झोपला आहे आणि फोन आपला परस्पर फोटो चढवतो आहे, ॲप ताजे करतो आहे, अशा खर्चाने पूर्वी घरे हादरत. अखेर १५ जून २०१७ पासून संघात फिरणाऱ्या युरोपीय गिऱ्हाइकाला रोमिंगचा वेगळा आकार लावणे बंद झाले, आणि २०२२ मध्ये तो कायदा आणखी दहा वर्षांसाठी वाढवला. दहा वर्षांमागे ज्याला ४९ सेंट लागत होते त्याला अधिक काही लागेना, आणि तरीही कंपन्या उभ्याच राहिल्या. टीकाकार म्हणतात, इकडे दाबले की तिकडे फुगते, कंपन्या तो पैसा घरच्या दरातून काढतात. काढत असतीलही. पण घरच्या दरासाठी माणूस चार कंपन्यांत निवड करू शकतो. विमानतळावर उतरलेल्याला ती सवड नसते. आणि कायदा उठला की काय होते, तेही पाहायला मिळाले. ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून या व्यवस्थेबाहेर गेले. आम्ही पुन्हा आकार लावणार नाही असे आरंभी सांगणाऱ्या तिथल्या काही मोठ्या कंपन्यांनी २०२२ पासून तो पुन्हा लावला.

युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांनी मात्र या कायद्याने हुरळून जाऊ नये. भारतातले सिम घेऊन तुम्ही रोमला उतरलात तर त्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. तुमची कंपनी भारतातली, तुमचा दर भारतातला. उपयोग आहे तो तिथेच विकत घेतलेल्या सिमचा. इटलीत घेतलेले सिम ऑस्ट्रियात, जर्मनीत, फ्रान्समध्ये त्याच पैशांत चालते. आता आपल्या मराठी सहलीची वाट डोळ्यांपुढे आणा. इटली झाली की बस कुठे जाते? स्वित्झर्लंडला! आल्प्सचा बर्फ पाहिल्यावाचून आपली सहल पुरी होत नाही, आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. नॉर्वे आणि आइसलँड संघात नसूनही या व्यवस्थेत आहेत, हे मात्र नाही. म्हणजे सगळा युरोप स्वस्तात बोलत आलेला प्रवासी नेमका बर्फ पाहून हर्षभरित होतो आणि घरी व्हिडिओ लावतो, तिथेच त्याचा खिसा कापला जातो. सिम घेताना 'स्वित्झर्लंड धरले आहे काय?' हा प्रश्न तोंडपाठ करून जावे. जिनेव्हासारख्या ठिकाणी तर फ्रान्सची हद्द इतकी जवळ आहे की फोन खोलीत बसल्या जागी कधी या देशाचा टॉवर धरतो, कधी त्या. तिथे फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप टॉवर निवडणे बंद करावे आणि आपला टॉवर हाताने निवडावा.

भारतीय कंपनीचे परदेशी पॅक घेणे थोड्या दिवसांच्या सहलीला सोयीचे असते, नंबरही तोच राहतो. पण ते इथे असतानाच घ्यावे, आणि विचारून घ्यावे की 'एक दिवस' म्हणजे काय धरता? पहिल्या वापरापासूनचे चोवीस तास, की घड्याळातला दिवस? घड्याळ तिकडचे, की आपले? पॅकमध्ये कुठल्या देशांची नावे आहेत? जेथे विमान बदलायचे आहे त्या देशाचे नाव आहे का? हे प्रश्न विचारणाऱ्याला काउंटरवरचा मुलगा चमत्कारिक नजरेने पाहतो. पाहू द्यावे. घरच्या माणसांशी बोलायला वायफायवरचे इंटरनेटचे बोलणे सर्वांत स्वस्त. आवाजाच्या बोलण्याला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी लागतो, चेहरा पाहायचा तर त्याच्या कितीतरी पट. नकाशे इथेच उतरवून घ्यावेत. भारतीय सिमवरचे डेटा रोमिंग बंद ठेवावे, पण सिम काढून टाकू नये. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. संदेश घेण्याला सर्वसाधारणपणे पैसे पडत नाहीत, मात्र परदेशी रोमिंगची सोयच सुरू केली नसेल तर तो येणारच नाही. हल्लीच्या फोनांत ई-सिम चालते, म्हणजे भारताचे सिम जागेवर ठेवून तिकडचे सिम सोबत बाळगता येते. बाकी काकांचा फोन आला तर वाजू द्यावा, आणि वायफाय मिळाल्यावर आपण करावा.

सहलीला जाणाऱ्यांचे इतके पुरे. आमचे मन गुंतले आहे ते पोटासाठी गेलेल्यांच्या फोनात. सहलीला गेलेला माणूस बारा दिवस बोलला नाही तरी घर चालते. आखातात दोन-दोन वर्षे राहणाऱ्याचे तसे नाही. त्याची बायको इथे एकटी निर्णय घेते, मुलगी दहावीत असते, आईचे डोळ्याचे ऑपरेशन असते. त्याला रोमिंगचा प्रश्न नाही, तो तिथलेच सिम घेतो. त्याची अडचण वेगळी. आखाती देशांत सिम घ्यायला ओळखपत्र लागते. सौदी अरेबियात २०१६ पासून बोटांचे ठसेही लागतात. आता ज्याचा पासपोर्ट आणि कागदपत्रे मुकादमाने नाहीतर मालकाने आपल्या कपाटात ठेवून घेतली आहेत, त्याने सिम कुणाच्या नावावर घ्यायचे? आमच्याकडे जी माणसे तक्रारी घेऊन आली त्यांतल्या काहींची हीच कथा. सिम फोरमनच्या नावावर. भांडण झाले, काम सुटले, त्या दिवशी नंबरही गेला. नंबर गेला म्हणजे घरचा धागा गेला, पैसे पाठवण्याचे ॲप गेले, आणि पगार बाकी असल्याचे जे संदेश पुरावा म्हणून होते तेही गेले. पासपोर्ट कामगाराच्या हाती असला पाहिजे असे आम्ही ओरडून सांगतो, तेव्हा लोकांना ते कायद्याचे पुस्तकी बोलणे वाटते. ते आईशी बोलण्याइतके साधे आहे.

त्यात इंटरनेटवरच्या बोलण्याची आणखी एक गोम. अमिरातीत ज्या ॲपला तिथल्या नियामकाची मान्यता आहे त्यावरूनच बोलणे कायदेशीर. आपल्याकडे घरोघर चालते ते तिथे चालेलच असे नाही. चोरवाटेने व्हीपीएन लावून बोलावे असे कोणी सुचवतात. त्यासाठी तिथे जबर दंडाचा कायदा आहे. आमचा सल्ला, त्या फंदात गरिबाने पडू नये. सौदी अरेबियाने २०१७ च्या सप्टेंबरात इंटरनेटवरच्या बोलण्यावरची बंदी सैल केली. तेव्हा मुलगा निघण्यापूर्वी, तो जातो त्या देशात आज काय चालते ते तिथे असलेल्या गाववाल्याला विचारा, आणि तेच ॲप आईच्या फोनात बसवून, दोनदा लावून दाखवून मग त्याला विमानतळावर पोचवा. मुलगा गेल्यावर आईला ते कोण शिकवणार?

आता बोटीवरच्यांविषयी. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर अशी कितीतरी घरे आहेत की ज्यांतला कर्ता पुरुष समुद्रावर असतो. समुद्रात ना टॉवर, ना कायदा. प्रवासी बोटींवर उपग्रहाला जोडलेला बोटीचा स्वतःचा टॉवर असतो. किनारा सुटला की फोन आपोआप त्याला चिकटतो, आणि तो दर जमिनीवरच्या कुठल्याही दराशी तुलना करण्यासारखा नाही. युरोपचा कायदाही उपग्रहाच्या या जाळ्याला लागू नाही. म्हणून बोट सुटताना फोन विमानाच्या स्थितीत टाकावा, ही पहिली गोष्ट. मालवाहू बोटींवर वर्षानुवर्षे अशी रीत होती की खलाशाने मोजक्या एमबींचे कार्ड कप्तानाकडून आपल्या पगारातून विकत घ्यायचे. महिनोन्महिने समुद्रावर राहणारा माणूस आपल्या लेकराचे तोंड पाहण्यासाठी पगार कापून घेई, आणि बंदराला लागला की आधी वायफाय शोधत पळे.

जगभरच्या खलाशांच्या संघटनांनी हा प्रश्न आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत लावून धरला. सागरी श्रमिकांचा २००६ चा करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात २०२२ साली दुरुस्त्या झाल्या आणि २३ डिसेंबर २०२४ पासून त्या अंमलात आल्या. शक्य असेल तेथवर बोटीवर खलाशांना इंटरनेट द्यावे, आणि आकार लावलाच तर तो वाजवी असावा, असे आता तिथे लिहिले आहे. 'शक्य असेल तेथवर' आणि 'वाजवी' या दोन शब्दांत मालकाला पळवाटा पुष्कळ आहेत, हे आम्ही करारमदार वाचण्यात केस पिकवलेली माणसे जाणतो. संघटनांना हवा होता तो बांधीव हक्क, मिळाले ते इतके. तरीपण काल जे कप्तानाच्या मर्जीवर होते ते आज कराराच्या कागदावर आहे, आणि तक्रार करायला कलम लागते. खलाशाने बोटीवर चढण्यापूर्वी आपल्या नेमणुकीच्या कागदात इंटरनेट किती आणि कोणत्या दराने, हे विचारून लिहून घ्यावे. बोटीवर तक्रारीची पद्धत असणे या कराराखाली सक्तीचे आहे; तिचा कागद नेमणुकीच्या करारासोबत मिळतो. तो पेटीच्या तळाशी न टाकता फोटो काढून घरी पाठवावा.

वेळ झाल्याची घंटा सभापतींनी हळूच वाजवली आहे. ज्यांच्या घरचे कोणी येत्या महिन्या-दोन महिन्यांत बाहेर जाणार आहे, त्यांनी व्याख्यानानंतर मांडवाच्या डाव्या बाजूला थांबावे. आमचे दोन तरुण कार्यकर्ते तिथे टेबल मांडून बसले आहेत. फोन आणि कंपनीने दिलेल्या पॅकचा कागद सोबत असेल तर दाखवावा. फोन वळवण्याची सोय बंद करणे, डेटा रोमिंग बंद करणे, दोन सिमांची जोडणी, सगळे ते करून देतील. बोटीवर जाणाऱ्यांनी नेमणुकीचा कागद उद्या सकाळी कचेरीत आणला तरी चालेल. आम्ही दहापासून तिथे आहोत.